घोडबंदर रोड, दोन फुटी टाकी, खारं पाणी: पहिले मासे कोणते घ्यावेत?

घोडबंदरचा_नवखा

नमस्कार मंडळी. गोड्या पाण्याची टाकी नीट चालू आहे, आता खाऱ्या पाण्याकडे वळायचंय. टाकी बनवून आली आहे: २४ × १५ × १५ इंच, ८ मिमी काच, खाली सम्प (फिल्टरची वेगळी टाकी) नाही. मागे लटकवायचा फिल्टर, तासाला १६०० लिटरचा वेव्हमेकर (पाणी ढवळणारा पंप), १०० वॉटचा हीटर, साधा एलईडी दिवा. प्रवाळ ठेवायचे नाहीत, फक्त मासे. घर कासारवडवलीला सातव्या मजल्यावर, हॉल पश्चिमेचा. एसी फक्त बेडरूममध्ये.

दुकानातून यादी मिळाली ती अशी: निमोची जोडी, एक डोरी, 'पाणी सेट करायला' चार डॅमसेल, एक मँडरिन आणि 'स्वच्छतेसाठी' एक क्लीनर रॅस. आठ दिवसांत सगळे सोडता येतील म्हणे. मुलीला शिवाय सीहॉर्स हवाय.

यातलं काय ठेवू, काय काढू? एकूण किती मासे मावतील? घरच्या आरओचं पाणी चालेल का? ओळखीतले एकजण म्हणतात, खाडी दहा मिनिटांवर आहे, कॅन भरून आणा, मीठ विकत कशाला घेता. आणि हीटर घेतला हे चुकलं का?

खारफुटी_ऐरोली

आधी काट मारू, मग भर घालू.

डोरी म्हणजे ब्लू टँग. दुकानात चार-पाच सेंमीची दिसते, पूर्ण वाढ ३० सेंमी. दिवसभर लांब येरझारा घालणारा मासा आहे. दोन फुटांत तो बिथरलेला राहतो, आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग टाकीत आला की सगळ्यात आधी त्यालाच धरतो. काट.

मँडरिन देखणा खरा, पण तो दगडावरचे कोपेपॉड (डोळ्याला जेमतेम दिसणारे जीव) एकेक टिपून जगतो. नव्या टाकीत ते नसतातच, असले तरी काही आठवड्यांत संपतात. खाण्याच्या गोळ्यांना बहुतेक मँडरिन तोंड लावत नाहीत. रंग शेवटपर्यंत छान राहतो म्हणून कळतही नाही. वरून पाहिलं तर पाठ खपाटीला गेलेली दिसते. काट.

क्लीनर रॅसच्या 'स्वच्छते'ची गफलत नेहमीची. तो इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खातो. काच, वाळू, शेवाळ यांच्याशी त्याचा काही संबंध नाही. तीन माशांच्या टाकीत तो उपाशीच मरणार.

सीहॉर्सचं लेकीला समजावून सांगावं लागेल. सगळे समुद्रघोडे २००१ मध्येच वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, गेले. दगडासारखे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ आणि सी फॅनही तिथेच. त्यामुळे कुणी 'किनाऱ्यावरून आणलेला अस्सल लाइव्ह रॉक' (जीव वसलेला प्रवाळाचा दगड) देऊ केला तर हात लावू नका. कोरडा कृत्रिम सिरॅमिक किंवा अॅरॅगोनाइटचा दगड घ्या, बॅक्टेरिया त्यावर आपोआप वसतात.

आता काय घ्यायचं. तुमची टाकी कागदावर ८८ लिटरची. वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा वजा केली की पाणी ६५ लिटरच्या आसपास उरतं. एवढ्यात तीन मासे, फार तर चार.

पहिली पसंती ऑसेलॅरिस क्लाउनफिशची, म्हणजे निमोची, जोडी, तीही टाकीत पैदा झालेली. मादी आठ-नऊ सेंमीपर्यंत जाते, नर त्याहून लहान. नर-मादी ओळखत बसू नका: क्लाउनफिश सगळे आधी नर असतात, मग जो मोठा आणि दांडगट तो मादी होतो. म्हणून एक पाच सेंमीचा आणि एक तीन सेंमीचा घ्या. दोन सारख्या आकाराचे घेतले तर वरिष्ठ कोण हे ठरेपर्यंत मारामारी. लहान मासा मोठ्यासमोर आडवा होऊन अंग थरथरवतो, ती शरणागती असते. आजार समजून औषध घालू नका.

अॅनिमोन (समुद्रात क्लाउन ज्याच्या आसऱ्याला राहतो तो जीव) लागत नाही. नव्या टाकीत तो तगत नाही, सरकत सरकत वेव्हमेकरमध्ये जातो, चिरडतो, आणि रातोरात सगळं पाणी नासवतो.

दुकानात 'निमो' या नावाखाली चार वेगळे मासे विकतात, ते मात्र ओळखायला शिका. नारिंगीवर तीन पांढरे पट्टे असलेला ऑसेलॅरिस हवा. काळपट अंग, दोनच पांढरे पट्टे आणि पिवळी शेपटी म्हणजे सेबे. तो आपल्या बाजारात भरपूर दिसतो, समुद्रातून पकडलेला असतो आणि १५ सेंमीच्या आसपास जातो. क्लार्की तसाच. गर्द लाल, गालावर काटा असलेला मरून क्लाउन तर दोन फुटी टाकीत दुसरा कुणी जिवंत ठेवत नाही. समुद्रातून आलेल्या क्लाउनला ब्रुक्लिनेला नावाचा रोग फार होतो: अंगावरून बुळबुळीत पापुद्रे सुटतात आणि मासा दोन-तीन दिवसांत जातो. टाकीत वाढलेल्या पिलांचे पट्टे कधी अर्धवट, कधी वाकडे असतात. ते वाकडेपण उलट चांगली खूण. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनच्या पैदाशीचं तंत्र बसवलेलं आहे, आमच्या ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही कांदळवन प्रतिष्ठानच्या हॅचरीत त्यांची पैदास झाली आहे. देशात वाढलेले मासे असताना पकडलेले घेण्याचं कारण नाही.

तिसरा मासा तळाशी राहणारा हवा, कारण वरचा आणि मधला भाग जोडी आपल्या नावावर करून टाकते. यलो वॉचमन गोबी घ्या. आठ-दहा सेंमी, बिळाच्या तोंडाशी बसून डोळे वटारणारा, गोळ्या खाणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याच्यासाठी वाळू चार-पाच सेंमी जाड, बारीक आणि थोडी भरड मिसळलेली. महत्त्वाचं: दगड आधी थेट काचेच्या तळावर बसवायचे, वाळू नंतर ओतायची. वाळूवर दगड रचले तर गोबी खालून पोखरतो आणि रास कोसळते. एकतर मासा चेपतो नाहीतर काच जाते.

कोपरखैरणे_७

डॅमसेल मात्र यादीतून उगाच काढू नका. स्वस्त आणि दणकट. पाणी बिघडलं तरी मरत नाहीत, नवशिक्याला आत्मविश्वास येतो. नाहीतर हिरवे क्रोमिस घ्या पाच, झुंड छान दिसते.

शून्य_टीडीएस

@कोपरखैरणे_७: मरत नाहीत, हीच तर अडचण आहे. डॉमिनो आणि तीन पट्ट्यांचा डॅमसेल आधी सोडला की टाकी त्याची होते. मग नंतर येणारा प्रत्येक मासा घुसखोर. डॉमिनो १४ सेंमीपर्यंत वाढतो. त्याला बाहेर काढायचा तर सगळे दगड उपसावे लागतात, कारण जाळं दिसलं की तो फटीत. क्रोमिसची झुंड मोठ्या टाकीतही हळूहळू एकेकाला टोचून संपवते. पाचाचे तीन, तिनाचा एक. डॅमसेल हवाच असेल तर निळं अंग-पिवळी शेपटीवाला एकच, आणि तोही सगळ्यात शेवटी.

आणि मासा घालून 'पाणी सेट' करायची पद्धत खाऱ्या पाण्यात जास्त क्रूर ठरते. पीएच ८.२ च्या आसपास असतो, तिथे अमोनियातला विषारी भाग गोड्या पाण्याच्या कितीतरी पट असतो. गोड्या पाण्याच्या टाकीत ज्या आकड्यावर मासे फक्त सुस्त होतात, त्या आकड्यावर इथे कल्ले जळतात.

@नवखा, मासा न घालता टाकीची सायकल, म्हणजे बॅक्टेरिया वसवण्याचं काम, असं करा. टाकी भरा, मीठ, दगड, वाळू, वेव्हमेकर सगळं चालू. अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया २ पीपीएमवर न्या. ६५ लिटरला साधारण ०.४ ग्रॅम पुरतं. हे म्हणजे आपला नवसागर, पण वाणसामानाच्या दुकानातला किंवा कल्हईचा नवसागर नको, त्यात काय काय भेसळ असेल सांगता येत नाही. प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातून शुद्ध घ्या. बाटलीतले बॅक्टेरिया घातलेत तर काम लवकर होतं, नाहीतर चार ते सहा आठवडे धरा. आधी अमोनिया उतरतो, मग नायट्राइट चढतो, मग तोही उतरतो. २ पीपीएम घातल्यावर चोवीस तासांत दोन्ही शून्य आले की टाकी तयार. आठ दिवस म्हणजे नायट्राइट नेमका वर चढत असण्याची वेळ.

या काळात तपकिरी थर येईल, काचेवर, वाळूवर, सगळीकडे. डायटम (सूक्ष्म शेवाळ) असतात, येतात आणि जातात. रसायन घालू नका.

पाण्याचं. घरचा आरओ चालेल का, हे मशीनवर अवलंबून. टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजायचा मीटर घ्या, नळाखाली धरा. बहुतेक घरगुती मशीन पाणी चवीला बरं लागावं म्हणून टीडीएस मुद्दाम वाढवून देतात, मिनरलची नळी लावून. काहींत तर तांब्याची नळी असते, 'कॉपर' म्हणून जाहिरात करतात ती. माणसाला ठीक असेल, पण गोगलगायी आणि कोळंबीला तांबं विष आहे, अगदी थोडं असलं तरी. मशीनवाल्याला सांगून मेम्ब्रेनच्या लगेच पुढे टी टाकून वेगळा नळ काढा आणि त्यावर डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांची) नळी बसवा. मीटरवर शून्य यायला हवं. रंग बदलणारं रेझिन घ्या, संपलेलं डोळ्याला दिसतं. घोडबंदरला उन्हाळ्यात सोसायटीत टँकर येतो तेव्हा आत येणाऱ्या पाण्याचाच टीडीएस कित्येक पट असतो, त्या महिन्यात रेझिन झपाट्यानं संपतं. शक्य असेल तर मे महिन्याचा साठा एप्रिलमध्येच झाकणाच्या कॅनमध्ये करून ठेवा. पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार हा त्यावर उपाय नाही, त्यातही क्षार असतात.

खाडीचं पाणी विसरा. तिथली खाडी म्हणजे अर्धवट गोडं, गाळाचं, वस्तीचं सांडपाणी पोटात घेणारं पाणी. भरती-ओहोटीला वेगळं, पावसाळ्यात तर खारेपण पार कोसळतं. निवटीला ते मानवतं, ती चिखलाचीच रहिवासी. इंडोनेशियाच्या प्रवाळातल्या क्लाउनला नाही.

मीठ (टाकीसाठी मिळणारं सागरी): लिटरला ३५ ते ४० ग्रॅम, ब्रँडप्रमाणे. पहिल्या भरणीला अडीच किलो. नंतर आठवड्याला १० लिटर पाणी बदला, त्याला ३८० ग्रॅम. वेगळ्या बादलीत छोटा पंप लावून विरघळवा, शक्यतो आदल्या रात्री. टाकीत थेट मीठ कधीही नाही. खारेपण मापायला रिफ्रॅक्टोमीटर, तो आरओच्या पाण्यावर शून्य करून थांबू नका, ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग मीठ) कॅलिब्रेशन द्रावणावर लावा. काट्याचा प्लास्टिकचा हायड्रोमीटर नको, काट्याला एक बुडबुडा चिकटला तरी आकडा चुकतो. विशिष्ट गुरुत्व ठेवायचं १.०२५ ते १.०२६.

मे_महिना_नेरुळ

सगळ्यांनी मासे सांगितले, पाणी सांगितलं. आता ज्यावर तुमची टाकी टिकेल किंवा बुडेल ते.

पश्चिमेचा हॉल, सातवा मजला, एसी नाही. तुमच्या यादीतला पहिला प्रश्न 'मे महिन्यात दुपारी चारला पाणी किती अंश?' हा असायला हवा होता. खोली ३४, त्यात पंप आणि दिव्याची उष्णता, म्हणजे बाष्पीभवनाने थोडं उतरलं तरी उपाय न केल्यास पाणी ३१-३२ ला जाणार. मासे २५ ते २७ ला सुखी, २८ पर्यंत तक्रार नाही, ३० च्या वर रोज गेलं तर आधी भूक जाते, मग रोगाला वाट मिळते. शिवाय खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा ऑक्सिजन साधारण वीस टक्के कमी मावतो, आणि तापमान चढलं की आणखी कमी.

पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावला तर दोन-तीन अंश उतरवतो. पण तो बाष्पीभवनावर चालतो, आणि आपल्याकडे मे अखेर ते मृगाचा पहिला पाऊस या काळात उकाडा आणि दमटपणा एकत्र असतात. पाणी उडतच नाही, पंखा नुसता फिरतो. ऑक्टोबरचा उकाडा पंख्यावर निभतो, जूनची सुरुवात निभत नाही. म्हणून या घरात चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) घ्या, १/१० एचपी. पेल्टियरवाले (कॉम्प्रेसर नसलेले) छोटे स्वस्त चिलर ६५ लिटरला दोन-तीन अंशांच्या पलीकडे जात नाहीत, तेवढं पंखाही करतो. चिलर बंद कपाटात ठेवू नका. तो गरम हवा बाहेर फेकतो. कपाटात कोंडला की तीच हवा परत ओढतो, बिल वाढतं आणि पाणी तसंच.

बेडरूममध्ये टाकी हलवून फक्त रात्री एसी, ही युक्ती करू नका. रात्री २५, दुपारी ३१, असा सहा अंशांचा झोका कायमच्या २९ पेक्षा वाईट.

हीटर चुकला नाही. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे घोडबंदरला पारा चांगला उतरतो, हॉल २१-२२ ला जातो. पण हीटर २५ ला लावा आणि मार्च ते ऑक्टोबर प्लगच काढून ठेवा. हीटरचा थर्मोस्टॅट अडकून चालू राहिला तर छोट्या टाकीचं रात्रीत पिठलं होतं. एसटीसी-१००० सारखा तापमान-कंट्रोलर मधे टाकला तर उत्तम, फक्त त्याचा सेन्सर सक्शन कपवर विसंबून ठेवू नका, केबल टायने बांधा. सेन्सर पाण्याबाहेर पडला तर तो खोलीची थंड हवा मोजतो आणि हीटर चालूच ठेवतो.

वीज गेली तर: बॅटरीवर चालणारा हवेचा पंप लगेच लावा, खाणं बंद. अर्ध्या लिटरच्या बाटल्या पाणी भरून फ्रीझरमध्ये कायम ठेवलेल्या असाव्यात. एक गोठलेली बाटली तरंगत सोडली तर ६५ लिटर पाणी साधारण पाऊण अंशाने उतरतं. दोन एकदम नकोत, एक वितळली की दुसरी. बर्फ थेट टाकायचा नाही, खारेपण पातळ होतं.

अजून एक, उडालेलं पाणी. रोज एक लिटर तरी जाईल, पंखा असेल तर जास्त. मीठ उडत नाही, पाणी उडतं. तीन दिवस भरलं नाही तर ३५ चं खारेपण पावणे-सदतीसला जातं. काचेवर मार्करने रेघ मारा, रोज त्या रेघेपर्यंत साधं आरओ-डीआय पाणी.

घोडबंदरचा_नवखा

सगळ्यांचे मनापासून आभार. यादी फाडली. नवी योजना तपासून द्या: चिलर घेतो. सहा आठवडे सायकल. मग क्लाउनची जोडी, वॉचमन गोबी आणि एक फायरफिश, सगळे एकदम, चेन्नईहून कुरियरने. पिशवी उघडून दोन तास थेंब थेंब पाणी सोडून मग थेट टाकीत. वर काचेचं झाकण करून घेतो. खाण्याला बाजारातला सुका जवळा चालेल का? पिस्तूल कोळंबी गोबीबरोबर राहते असं वाचलं, ती पण?

खारफुटी_ऐरोली

योजना चांगली, चार ठिकाणी दुरुस्ती.

एकदम नाही. आधी गोबी, महिन्याने फायरफिश, त्यानंतर महिन्याने क्लाउनची जोडी. भित्रे आधी, दादा शेवटी. बॅक्टेरियांनाही प्रत्येक नव्या पोटाबरोबर वाढायला वेळ मिळतो. तुमचा वेव्हमेकर ६५ लिटरला थोडा जोरकस आहे, तो समोरच्या काचेवर आपटेल असा वळवा, म्हणजे एका कोपऱ्यात संथ जागा राहील. फायरफिशला ती लागते. फायरफिश एकच, दोन अनोळखी एकत्र सोडले तर एक मरेपर्यंत पाठलाग. मिळाला नाही तर क्लाउन गोबी, जेमतेम साडेतीन सेंमीचा. टेलस्पॉट ब्लेनीही गोड मासा आहे, पण दगडावर शेवाळ धरल्यावर, म्हणजे तीन-चार महिन्यांनी. बांगाई कार्डिनल कुणी देईल. तो फक्त इंडोनेशियातल्या एका छोट्या द्वीपसमूहातला, तिथे संकटग्रस्त आहे. टाकीत वाढलेला असेल तरच.

काचेचं झाकण नको. फायरफिश उडी मारतो हे खरं, पण काच लावली की उष्णता कोंडते आणि हवेची देवाणघेवाण थांबते. स्लायडिंग खिडक्यांची मच्छरजाळी बनवणाऱ्याकडून टाकीच्या मापाची चौकट करून घ्या, त्यात मच्छरजाळीऐवजी ६ मिमी भोकाची पारदर्शक नायलॉन जाळी. फिल्टर आणि वायरींसाठी कोपऱ्यात कापलेली खाच जेमतेम असू दे. मासा नेमका तिथूनच निघतो.

सुका जवळा नको, खारवलेला असतो आणि त्यात वाळू-कचरा. ओला जवळा मिळाला तर धुऊन, आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवून, बारीक चिरून आठवड्यातून एकदोनदा चालेल. रोजचं खाणं अर्धा ते एक मिमीच्या सागरी गोळ्या आणि गोठवलेलं मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव). दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच. मायसिसचा क्यूब टाकीच्या पाण्याच्या पेल्यात वितळवून गाळून घ्या, त्याचं पाणी टाकीत ओतू नका.

पिस्तूल कोळंबी हो, जरूर. ती बीळ खणते, गोबी पहारा देतो, तिची एक मिशी कायम गोबीच्या अंगाला टेकलेली. पण दगड काचेवर बसवले नसतील तर तिच्या खणण्याने रास आणखी लवकर कोसळते, हे लक्षात असू द्या.

शून्य_टीडीएस

चौथी दुरुस्ती मी लिहितो, पिशवीची.

कुर्ल्याहून तासाभरात आणलेला मासा आणि रात्रभर प्रवास करून आलेला मासा, दोघांना एकच रीत लावू नका. लांबच्या प्रवासात पिशवीत अमोनिया साचतो, पण कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो, म्हणून तो बाधत नाही. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. त्या पाण्यात दोन तास थेंब सोडत बसणं म्हणजे मासा त्यातच मुरवणं. करायचं असं: विक्रेत्याला आधीच विचारा, खारेपण किती ठेवता. पुष्कळजण १.०१८ ते १.०२० ठेवतात. तेवढ्याच खारेपणाचं पाणी क्वारंटाइन टाकीत (नवा मासा आधी वेगळा ठेवायची टाकी) तयार ठेवा. बंद पिशवी वीस मिनिटं तरंगू द्या, तापमान जुळलं की उघडा, रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाका, आकडे जुळले की हाताने किंवा पेल्याने मासा उचलून सोडा. पिशवीचं पाणी मोरीत. मग रोज ०.००१ ते ०.००२ ने खारेपण चढवत टाकीच्या बरोबरीला आणा.

होय, क्वारंटाइन टाकी. नाही म्हणू नका. ३०-४० लिटरचा प्लास्टिकचा क्रेट पुरतो. स्पंज फिल्टर, दोन इंची पीव्हीसीचे दोन एल्बो लपायला, झाकणाला जाळी. वाळू-दगड नाही, कारण औषध त्यात शोषलं जातं. स्पंज आजच घ्या आणि सायकल चालू असताना मोठ्या टाकीत बुडवून ठेवा, म्हणजे सहा आठवड्यांनी तो बॅक्टेरियांसकट तयार मिळतो. प्रत्येक मासा तिथे चार आठवडे.

कारण पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी, क्रिप्टोकॅरियन. ठिपके दोन-तीन दिवसांत आपोआप गळतात आणि माणूस म्हणतो बरा झाला. तो गळून वाळूत कोष करून बसलेला असतो, काही दिवसांनी, कधी तीन-चार आठवड्यांनीही फुटतो आणि दहापट होऊन परततो. मोठ्या टाकीत एकदा शिरला तर मासे सगळे बाहेर काढून औषध, आणि टाकी ७६ दिवस बिनमाशांची. औषध बहुतेकदा तांब्याचं. ते बाटलीवरच्या मात्रेने, रोज तांब्याची टेस्ट करून, आणि फक्त क्वारंटाइनमध्ये. मोठ्या टाकीत तांबं एकदा पडलं की दगडात मुरतं, मग तुमची पिस्तूल कोळंबी कधीच नाही.

मे_महिना_नेरुळ

दुकानात काय बघायचं ते राहिलं. समोर खायला घालायला सांगा. जो खात नाही तो घरीही खाणार नाही. कल्ल्यांची धाप बघा, शेजारच्या माशांपेक्षा भरभर असेल तर सोडून द्या. वरून पाठ बघा, डोक्यामागे खड्डा नको. ज्या टाकीत एक मेलेला मासा पडलाय तिथलं काही घेऊ नका, कितीही देखणं असलं तरी. त्या दुकानात पाणी बहुधा सगळ्या टाक्यांत एकच फिरतं. मोनो आणि स्कॅट हे मासे 'लय दणकट' म्हणून गळ्यात मारतील. दोघेही हाताच्या पंजाहून मोठे होतात.

घोडबंदरचा_नवखा

समजलं. स्पंज उद्याच आणतो. एक शेवटचं: क्वारंटाइनचा क्रेट गॅलरीत ठेवला तर?

मे_महिना_नेरुळ

नको. गॅलरी पश्चिमेची ना? ४० लिटरचा क्रेट तिथे दुपारी तीनला पस्तिशीला जाईल, आणि चिलर एकच आहे. बेडरूमच्या आतल्या भिंतीला ठेवा आणि मासे मागवायचे ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. आत्ता टाकीची सायकल सुरू केलीत तर वेळ बरोबर जुळते. क्रेटसाठी दुसरा हीटर घ्या, ५० वॉटचा, १०० चा तिथे लावू नका.